मोडेन पण वाकणार नाही, म्हणत बडोद्याला येणाऱ्यांसाठी

"बेन, नवरा छो?"

कामावर रुजू होऊन चौथा दिवस. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका लहान इंजिनिअरिंग कारखान्याचा खरेदी विभाग, आणि दारातून डोकावून साहेबांनी विचारलेला हा प्रश्न. मी सोलापूरची. "आहे. सोलापूरलाच आहे. पुढच्या महिन्यात येईल," असं मी जरा घुश्शातच सांगितलं. सगळी टेबलं हसली. गुजरातीत नवरा म्हणजे मोकळा, रिकामा. माझ्या हातात काम आहे की नाही, एवढंच साहेबांना विचारायचं होतं.

हा किस्सा थोड्याफार फरकानं बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांत ऐकायला मिळतो, त्यामुळे त्यात माझं कौतुक काही नाही. सांगायचं कारण निराळं. ही चूक भाग्याची होती, कारण लोक हसले आणि ती तिथल्या तिथे सुधारली. बाकीच्या चुकांवर कुणी हसलं नाही. त्या दीड वर्ष चालल्या.

मी इथे आले २०१४ च्या जूनमध्ये. आता दरवर्षी माहेरकडचं कुणी ना कुणी नोकरीसाठी इकडे येतं आणि विचारतं, घर कुठे बघू, शाळा कुठली घेऊ. ते सांगणारे पुष्कळ आहेत. हा लेख त्याच्या पुढचा. माणसं, कामाची रीत, सणांचं वेळापत्रक, पाऊस, सगळंच अनोळखी, आणि त्यातलं निम्मं तर दर सहा महिन्यांनी बदलतं. अशा वेळी आपण आपलं वागणं कसं बदलायचं? आपल्याकडे "मोडेन पण वाकणार नाही" हे कौतुकानं सांगायची पद्धत आहे, आणि मीही त्याच दिमाखात आले होते. एकदा कळल्यावर वाकणं मला फार जड गेलं नाही. आपला जुना नियम इथे चालत नाहीये, हे कळायलाच वेळ लागला. म्हणून खालच्या बहुतेक पायऱ्या त्या कळण्याच्या आहेत.

सोबत काय हवं

- खिशात मावेल अशी वही. मोबाइलमध्ये लिहिलेलं मी कधीच परत वाचत नाही. तुम्ही वाचत असाल तर मोबाइल चालेल.
- विचारायला दोन माणसं: एक इथलं गुजराती, एक इथे मुरलेलं मराठी. एकच असलं की त्याचे रागलोभही आपल्याकडे येतात.
- कागद: भाडेकरार, भाडेकरू म्हणून केलेली पोलीस नोंद, आधार, पॅन, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, आणि महाराष्ट्रातली गाडी आणणार असाल तर तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला. सगळ्याच्या झेरॉक्स वेगळ्या ठेवा. मूळ प्रती घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवी का, ते सातव्या पायरीत येईल.
- गुजराती लिपीची तोंडओळख. शिरोरेषा नाही, पण बरीच अक्षरं ओळखीची निघतात. क, ख, ज अशी थोडी पाठ करावी लागतात. आठ दिवस पुरतात. एक सापळा मात्र आहे: गुजराती पाचाचा आकडा आपल्या 'प'सारखा दिसतो. बसच्या पाटीवरचा हा 'प' कुठल्या गावाचा, याचा मी बरेच दिवस विचार करत होते.

१. जुने नियम कागदावर काढा

पहिल्याच आठवड्यात हे करा, कारण नंतर ते दिसेनासे होतात. आपण कशाकशाला "असंच असतं" म्हणतो, त्याची यादी करायची. माझ्या वहीचं पहिलं पान असं होतं: माणूस हो म्हणाला म्हणजे हो. कामाच्या वेळी कामाचंच बोलावं. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. चिडल्याशिवाय काम होत नाही. भाऊबीज झाली की बाजार सुरू.

यातला शेवटचा नियम सर्वात निरुपद्रवी वाटतो ना? पहिल्या दिवाळीत त्यानंच मला गोत्यात आणलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माल येणार असं धरून मी उत्पादनाचा तक्ता दिला होता. इथले व्यापारी दुकान उघडतात लाभपंचमीला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला. मधल्या दिवसांत फोनवर फक्त "साल मुबारक", म्हणजे नव्या वर्षाच्या शुभेच्छा, ऐकू येतं. हे मला कुणी मुद्दाम सांगितलं नाही, कारण इथे ते सांगायची गोष्टच नाही. आणि मी विचारलं नाही, कारण मला ते ठाऊकच होतं.

अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञानं १९४२ मध्ये मांडलेला एक प्रयोग आहे, तो घरी करून बघा. तीन भांडी: २१, १२७ आणि ३ मापांची. मोजून १०० मापं पाणी हवं. उत्तर असं की मोठं भांडं भरा, त्यातून पहिलं एकदा आणि तिसरं दोनदा भरून काढा. अशी पाच-सहा गणितं लागोपाठ द्यायची, सगळी याच रीतीनं सुटणारी. मग द्यायचं २३, ४९ आणि ३, हवं २०. बहुतेक जण पुन्हा तीच लांबलचक रीत लावतात, आणि उत्तर येतंही बरोबर. खरं तर २३ मधून ३ काढले की झालं. ज्यांना आधीची गणितं दिलेली नसतात, त्यांना हे चटकन दिसतं.

मला यातली गंमत अशी वाटते की जुनी रीत चुकत नाही. चुकली असती तर आपण ती सोडली असती. ती चालते, फक्त तिप्पट कष्टानं. चिडून, मालकांना मेलची प्रत पाठवून मी माल मिळवतच होते की. दीड वर्ष मिळवला. दमत होते, आणि या लोकांना शिस्तच नाही असं घरी येऊन सांगत होते.

लुचिन्सनं काही जणांना गणिताच्या मध्येच कागदावर "आंधळेपणा करू नका" असं लिहायला सांगितलं. तेवढ्यानंही बऱ्याच जणांना सोपी वाट दिसली. वहीचा उपयोग असा आहे.

२. प्रश्न कुठल्या जातीचा, ते ओळखा

डेव्ह स्नोडेन या वेल्श माणसानं १९९९ च्या सुमाराला, आयबीएममध्ये असताना, एक मांडणी केली. तिला त्यानं वेल्श भाषेतलं 'कनेविन' हे नाव दिलं. तिचा माझ्या कामाचा भाग सोप्या भाषेत असा: काही प्रश्न सरळ असतात, काही किचकट, काही गुंत्याचे, आणि काही वेळा नुसता गोंधळ असतो. प्रत्येकाशी वागायची तऱ्हा वेगळी.

सरळ प्रश्नात नियम वाचायचा आणि पाळायचा. परराज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. मुलांना पहिली ते आठवी गुजराती हा विषय असणारच, २०२३ मध्ये राज्यानं तसा कायदा केला आहे. यात लवचीकपणा वगैरे काही नाही. अर्ज भरायचा, वही-पुस्तक आणायचं.

किचकट प्रश्नाला जाणकार लागतो. दोन राज्यांतली नोकरी, दोन ठिकाणचा भविष्य निर्वाह निधी, गावाकडच्या घराचं भाडं आणि या सगळ्याचं विवरणपत्र: सीएकडे जा, पैसे द्या, सुटा.

गुंत्याच्या प्रश्नाला असा जाणकार नसतो. सप्लायर का टाळतोय, शेजारच्या बेन एकाएकी बोलायच्या का थांबल्या, मुलाला वर्गात मित्र का मिळत नाहीत. इथे आधी थोडं काहीतरी करून बघायचं, काय होतं ते पाहायचं, मग पुढचं. आणि गोंधळात, म्हणजे घरात पाणी शिरतं तेव्हा, आधी हालचाल करायची, विचार नंतर.

नवख्यांची चूक जात ओळखण्यात होते. मी माणसांना अर्जासारखं वागवलं: विषय, संदर्भ, मुदत. आमच्या घरी उलटा नमुना होता. गाडीच्या कागदांसाठी माझे यजमान खिडकीवरच्या भाईंशी तीन वेळा मनसोक्त गप्पा मारून आले, क्रिकेट, सोलापूरची चादर, सगळं झालं. अर्ज कोराच.

३. ऐका, आणि ऐकलेलं मोजा

गुजराती आणि मराठी इतक्या जवळच्या आहेत की ऐकलेलं कळलंच असं वाटतं, आणि तिथेच पाय घसरतो. केरी म्हणजे पिकलेला आंबाही, आपली कैरी नव्हे. वात म्हणजे बोलणं, गोष्ट. समईशी संबंध नाही. बारी म्हणजे खिडकी. हे आठवड्याभरात जमतं. अवघड आहेत ते ओळखीचे वाटणारे शब्दप्रयोग.

"थई जशे." होऊन जाईल. माझ्या पहिल्या नियमाप्रमाणे, माणूस हो म्हणाला म्हणजे हो. म्हणून मी थई जशे ऐकलं की तारीख टाकून मोकळी व्हायचे, आणि माल आला नाही की मला फसवलं असं वाटायचं. शेवटी एकदा वहीत नुसत्या नोंदी ठेवल्या: कोण म्हणालं, त्याच्या आगेमागे काय म्हणालं, पुढे काय झालं. दोन महिन्यांत सत्तावीस नोंदी झाल्या. त्यात अकरा वेळा माल वेळेवर आला. आणि त्या अकराही वेळा थई जशेला काहीतरी चिकटलेलं होतं: एखादा वार, गाडीवाल्याचं नाव, "सवारे फोन करजो" (सकाळी फोन करा). नुसतं कोरडं थई जशे आलं, तर त्याचा अर्थ साधारण "तुमचं ऐकलं, तोंडावर नाही म्हणवत नाही" असा होता.

म्हणजे फसवत कुणीच नव्हतं. तिकडून नकार येत होता, आणि तो मला होकारासारखा ऐकू येत होता.

हे मोजण्याचं काम कंटाळवाणं आहे हे मान्य. पण मनात राहतात ते फक्त संतापाचे प्रसंग. वहीत बाकीचेही राहतात. तुमच्या बाबतीत शब्द वेगळा असेल. "वांधो नहीं" (हरकत नाही) असेल, किंवा साहेबांचं "जोई लईशुं" (बघून घेऊ) असेल. शब्द पकडा आणि वीस-पंचवीस वेळा त्याच्या मागे जा.

निरोप घेताना इथे "आवजो" म्हणतात, म्हणजे या. निघालेल्या माणसाला या म्हणणं आपल्या "येते"सारखंच की. एवढी एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडली.

४. एकाच ठिकाणी, छोटा प्रयोग

कळलं म्हणून लगेच सगळीकडे वागणं बदलू नका. बदलणाऱ्या माणसावरही लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो.

या शहरालाच याचा चांगला धडा माहीत आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) स्वतः बाहेरून आलेले: नाशिककडच्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा, १८७५ मध्ये दत्तक येऊन थेट गादीवर. पुढे त्यांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, ते एका फर्मानात साऱ्या संस्थानावर लादलं नाही. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या काही गावांत आधी करून पाहिलं. सगळ्या संस्थानासाठी कायदा आला तो १९०६ मध्ये. मधली तेरा वर्षं लक्षात घ्या. हातात पूर्ण सत्ता असलेल्या राजानं तेरा वर्षं घेतली, आणि आपल्याला नव्या ऑफिसात पंधरा दिवसांत रुळायचं असतं.

माझी अमरेली म्हणजे पुठ्ठ्याचे खोके पुरवणारा सप्लायर. खोके दोन दिवस उशिरा आले तरी कारखाना थांबत नाही, म्हणून तो निवडला. प्रयोग एवढाच, की स्मरणपत्राच्या मेलऐवजी आठवड्यातून एकदा त्याच्या शेडवर जायचं. आमचे एक जुने सहकारी हे नेहमी करायचे आणि मी त्याला वेळ घालवणं म्हणत असे.

पहिला प्रयत्न फसला. मी तासभर बसले, दोनदा चहा प्याले, त्यांच्या मुलीचं लग्न कुठे ठरतंय ते ऐकून आले, आणि मालाचं विचारायलाच संकोच वाटला. खोके चार दिवस उशिरा. दुसऱ्या आठवड्यात उभ्याउभ्याच विचारलं, तर भाई जरा दुखावलेले दिसले. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माप सापडलं: दहा मिनिटं, एक चहा, घरचं एक वाक्य, आणि मग "कधी देणार" हा प्रश्न न विचारता "आपलं काम आता कुठल्या मशीनवर आहे?" या प्रश्नाला थई जशे हे उत्तर देता येत नाही. काम मशीनवर असेल तर भाई दाखवतात, नसेल तर स्वतःच कारण सांगतात.

प्रयोगाच्या तीन अटी मी तेव्हापासून पाळते. फसला तर नुकसान सोसण्याएवढं असावं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. आणि निदान तीनदा करून बघावं. पहिल्या फसगतीनंतर "बघा, मी म्हणतच होते" असं म्हणायचा मोह फार गोड असतो.

५. एकाहून जास्त रीती हाताशी ठेवा

रॉस ॲशबी नावाचा ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ होता. यंत्रं आणि मेंदू स्वतःला कसे सांभाळतात याचा त्यानं अभ्यास केला. १९५६ मध्ये त्यानं मांडलेल्या नियमाचा मथितार्थ असा: समोरची परिस्थिती जितकी रूपं घेऊ शकते, तितकी उत्तरं तुमच्यापाशी नसतील, तर ती तुमच्या ताब्यात राहणार नाही. माझ्यापाशी एकच उत्तर होतं, चिडणं. ते काही वेळा अचूक लागू पडतं, याबद्दल माझी तक्रार नाही.

आता माझ्यापाशी पाच-सहा आहेत. गप्प बसणं. दुसऱ्या दिवशी विचारणं. मध्ये एखाद्याला घालणं. थट्टेत सांगणं. लेखी मागणं. आणि हो, चिडणंही, वर्षातून दोनदा, ठरवून. इथल्या पेढीवर थट्टा सर्वात जास्त चालते असं माझं मत आहे, पण ती गुजरातीतच करावी लागते, आणि आपल्या मोडक्या गुजरातीवर आधी आपणच हसावं लागतं.

जॉर्ज बोनॅनो आणि चार्ल्स बर्टन या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये लवचीकपणाचे तीन भाग सांगितले: प्रसंग काय मागतो ते हेरणं, हाताशी अनेक उपाय असणं, आणि केलेल्याचा परिणाम बघून ते चालू ठेवणं किंवा सोडणं. आपल्याकडे "देश तसा वेष" म्हणून यातला फक्त मधला भाग सांगतात, तोही कपड्यांपुरता. नवरात्रात चनियाचोळी घालून गरब्याला जाणं सोपं आहे. नऊ रात्री शहर दीड-दोन वाजेपर्यंत जागं असतं, तेव्हा सकाळी नऊची मीटिंग अकराला ढकलायचं सुचणं म्हणजे हेरणं. मला ते तिसऱ्या वर्षी सुचलं.

एक कसोटी स्वतःला लावून बघा, जरा बोचते. तुम्ही कुणापुढे वाकता? मी वहीत पाहिलं, तर साहेबांसाठी आणि मोठ्या सप्लायरसाठी माझं वागणं भराभर बदललेलं होतं. घरी भांडी घासायला येणाऱ्या बेनसाठी मात्र वेळ माझी, पद्धत माझी, भाषाही माझीच. त्या संध्याकाळी उशिरा का येतात हे मी दोन वर्षं विचारलंच नव्हतं. मुलीची शाळा दुपारची होती, बस्स. नुसतं वरच्या दिशेनं वाकायला आपल्याकडे वेगळा शब्द आहे.

६. कुठे वाकणार नाही, ते आधीच लिहा

ही पायरी लहान आहे पण गाळू नका. सगळ्यांना हो म्हणत गेलात तर वर्षभरात बिनबुडाचं भांडं होतं, आणि लोकांनाही तुमचा अंदाज येईनासा होतो. वहीच्या शेवटच्या पानावर तीन-चारच गोष्टी लिहा. माझ्या: बिलाशिवाय खरेदी नाही. तपासणीच्या कागदावर खोटी तारीख नाही. घरात मुलांशी मराठीच.

यातल्या दुसऱ्या गोष्टीची वेळ एकदा आली. मागची तारीख टाकलेल्या दाखल्यासाठी एका पुरवठादारानं गळ घातली, चहा-घरचं-मुलांचं सगळं झाल्यावर. लिहिलेलं होतं म्हणून उत्तराला वेळ लागला नाही. फक्त एक शिकले होते: नकार देताना व्याख्यान द्यायचं नाही. "ए नहीं थाय, भाई. बीजुं कंई पण कहो." ते नाही होणार, दुसरं काहीही सांगा. एवढंच. सोलापुरातून आल्या आल्या मी त्यांना प्रामाणिकपणावर दहा मिनिटं सुनावलं असतं. तो पुरवठादार तरीही गेला. सगळे टिकत नाहीत.

७. पाणी चढतं तेव्हा

३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला. नदीपासून फार लांब नसलेल्या आमच्या सोसायटीत तेव्हा घोट्यापर्यंत पाणी आलं आणि ओसरलं. त्यातून आमचा नियम तयार झाला: आपल्याकडे घोट्यापर्यंतच येतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये पाऊस थांबला, ऊन पडलं, आणि आम्ही निश्चिंत झालो. आमची विश्वामित्री नदी पावागढच्या बाजूनं येते. वरचं पाणलोटाचं पाणी आणि आजवा तलावाचा विसर्ग उशिरा पोचतो. शहरात आकाश मोकळं असतानाही नदी चढत राहते. शेजारच्या बेननी सकाळीच स्कूटर उंच रस्त्यावर नेऊन लावली होती आणि मलाही सांगितलं होतं. मी म्हणाले, आमच्याकडे नाही येत. दहा वर्षं वही लिहिणारी मी.

पाणी कमरेला लागलं तेव्हा मी काय करत होते? मिक्सर वरच्या मजल्यावर नेत होते. मग इस्त्री. कागदांची फाइल खालच्या कपाटात तशीच होती.

५ ऑगस्ट १९४९ ला अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, मॅन गल्च नावाच्या घळीत, वणवा विझवायला गेलेले तेरा जण मेले. त्यांचा म्होरक्या वॅग्नर डॉज यानं समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि जळून गेलेल्या राखेत पालथा पडला; आग त्याच्या बाजूनं निघून गेली. त्याचं कुणी ऐकलं नाही, कारण आगीपासून पळणाऱ्या माणसाला आग लावणं हा वेडेपणाच वाटणार. त्या प्रसंगाचा पुढे अभ्यास करणाऱ्या कार्ल वाइकनं आणखी एक गोष्ट लावून धरली: अशा आगींत जड अवजारं टाकून दिली तर जास्त वेगानं पळता येतं, तरी माणसं ती टाकत नाहीत. मला तो मिक्सर आठवतो.

तेव्हा पावसाळ्यापूर्वी एवढं करून ठेवा. कागदांची पिशवी जमिनीपासून उंच, औषधांसह. आधी काय न्यायचं आणि काय बुडू द्यायचं, ते घरातल्या सगळ्यांनी मिळून आधी ठरवायचं. बाहेरचा पाऊस बघू नका. नदीची पातळी आणि आजव्याच्या विसर्गाची बातमी बघा. मुख्य वीजबटण कुठे आहे ते मुलांनाही माहीत हवं. पाणी ओसरताना अंगणात मगर दिसू शकते, ही थट्टा नाही, विश्वामित्रीत त्या शहराच्या मधोमध राहतात. जवळ जाऊ नका, व्हिडिओ काढत बसू नका, वनखात्याला कळवा. आणि शेजारच्या बेन गाडी हलवताना दिसल्या, तर कारण न विचारता आपलीही हलवा.

८. दमायला होतं, त्याची सोय

दिवसभर दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या रीतीनं वागण्याचा शीण असतो. पहिल्या वर्षी मला वाटायचं माझी तब्येत बिघडली आहे. तब्येत ठीक होती. संध्याकाळपर्यंत मी अनुवाद करून करून रिकामी व्हायचे. जिथे काहीच बदलावं लागत नाही अशी एक जागा आणि एक वेळ राखून ठेवा. डांडिया बाजार, रावपुरा या बाजूला जुनी मराठी घरं आहेत, गणपतीतले कार्यक्रम आहेत. तिथल्या मराठीत वाक्याच्या शेवटी गुजराती 'ने' येतो, "येणार ने?", तो लगेच दुरुस्त करायला जाऊ नका, त्यांचं बडोद्यातलं मराठी तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जुनं आहे. वाचणारे असाल तर मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १९१० मधलं. मी दर रविवारी सूरसागर तलावाच्या काठावर नुसती बसते. सेवउसळ खाते, आणि मिसळीशी तुलना करत नाही. ते शिकायलाही चार वर्षं गेली.

वही वर्षातून एकदा पूर्ण वाचा. मी लाभपंचमीला वाचते, बाजार उघडतो त्या सकाळी. जे नियम वर्षभरात खोटे ठरले ते खोडते. त्यात माझे सोलापूरचे असतात तसे इथे आल्यावर केलेलेही असतात. "आपल्याकडे घोट्यापर्यंतच येतं" हा २०२४ मध्ये गेला. यंदा खोडला तो असा: "सप्लायर फोन उचलत नाही म्हणजे टाळतोय." त्याच्या जागी अजून काही लिहिलेलं नाही. सध्या नोंदी चालू आहेत, नऊ झाल्या.